श्रीदेवीची दुसरी चाचणी

भूमच्या बाबामियाँ शिंप्यांची झरीन मानसशास्त्र घेते म्हणाली, तेव्हा तिच्या फुफूनं, म्हणजे आत्यानं, विचारलं, “पागलां की डॉक्टर बनती क्या?” बाबामियाँनाही त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण पोरीला शिकायचंय, एवढं त्यांना पुरे होतं.

धाराशिवला तिचं बी.ए. झालं, मग एम.ए.ही झालं. वर्गातली एक मैत्रीण शाळेत समुपदेशक झाली, दुसरी पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायच्या कामाला लागली. झरीनला मुलांसोबत काम करायचं होतं. त्यासाठी लागणारं पुढचं प्रशिक्षण तिनं बाहेरगावी राहून पुरं केलं आणि जिल्ह्यात परतून मुलांच्या तपासणी केंद्रात नोकरी धरली. अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी ती घ्यायची.

तिथं एकदा मल्लम्मा नावाची आजी नातीला घेऊन आली. त्यांचं गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीला लागून. नात श्रीदेवी दुसरीत होती. ती वर्गात बोलतच नाही, तपासून आणा, असं शाळेनं सांगितलं होतं. झरीननं मराठीतून प्रश्न विचारले. श्रीदेवी खाली बघत राहिली.

“घरात कन्नडच असतंय, बाई,” मल्लम्मा म्हणाली.

झरीननं ते ऐकलं. पण केंद्रात कन्नड येणारं कुणी नव्हतं आणि बाहेर माणसं खोळंबली होती. शाळेत जाते म्हणजे एवढं कळत असेल, असं धरून तिनं चाचणी उरकली. मुलीची बुद्धी वयाच्या मानानं बरीच कमी आहे, असा अहवाल दिला.

दोनेक वर्षांनी त्याच भागात तपासणीचं शिबिर होतं. एका बाईचा मुलगा नुसतं कन्नड बोलायचा. कुणीतरी बाहेर शेळ्या घेऊन चाललेल्या मुलीला बोलावून आणलं. ती झरीनचा प्रश्न ऐकायची, मुलाला कन्नडमधून सांगायची, त्याला उमगलं नाही तर शब्द बदलून पुन्हा सांगायची. झरीनला तिचं कौतुक वाटलं. तिनं विचारलं, “कितवीत आहेस?”

“शाळंत जात न्हाय. मला बुद्धी कमी हाय, तसा कागद दिलाय.”

मराठी कुठं शिकलीस, तर शेतात कामाला येणाऱ्या बायकांकडनं, म्हणाली. मग झरीननं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर तिला पुढचा प्रश्न वाचता येईना. ती स्वतः पहिलीत गेली, तेव्हा घरात दखनी उर्दूच बोलली जायची. गुरुजींचं मराठी कळायला तिलाही बरेच महिने लागले होते. तिला कुणी मठ्ठ ठरवलं नव्हतं.

शिबिर आटोपून ती मल्लम्माच्या घरी गेली. म्हणाली, “आजी, चूक माझी होती. पोरगी चांगली हुशार आहे.”

मल्लम्मा म्हणाली, “तुमी शिकलेल्या. तुमी लिव्हलं म्हणून म्याबी खरं धरलं. तिला कळत न्हाय म्हणून तिच्याशी बोलायचं कमीच केलं.”

ती रागावली नाही. उलट चहा ठेवला.

कन्नड जाणणारी एक सहकारी मिळवून झरीननं श्रीदेवीची पुन्हा चाचणी घेतली, आधीचा अहवाल चुकल्याचं लिहून दिलं आणि शाळेत जाऊन बोलून आली. असं होतं कधीकधी, असं वरिष्ठ म्हणाले. तिला त्यानं बरं वाटलं नाही. हद्दीवरच्या गावांतली तिनं तपासलेली मुलं तिनं एकेक करून पुन्हा बोलावली. काहींचे निष्कर्ष बदलले. काही घरं मात्र कामासाठी गाव सोडून गेली होती. त्यांचा ठावठिकाणा शेजाऱ्यांनाही सांगता आला नाही.

श्रीदेवी आता पुन्हा शाळेत जाते, तिच्याहून लहान मुलांबरोबर बसते. उंच म्हणून तिला मागं बसवतात. वर्गात कसं वाटतं, असं झरीननं विचारलं, तेव्हा बरं वाटतंय, म्हणाली; फक्त पोरं मावशी म्हणून चिडवतात.