पडद्याबाहेर गेलेल्या ओळी

मागवाले काका उभं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात राहिले आणि घरी बसले तेव्हा कान तिथेच ठेवून आले. देवाची कृपा एवढीच की डोळे शाबूत राहिले, कारण काका डोळ्यांनीच ऐकत. मागांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नसे. तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. थट्टा, भांडणं, अगदी सोयरिकीच्या गोष्टीसुद्धा ओठांवरूनच चालत. ती सवय म्हातारपणी कामाला आली. समोरचा तोंड इकडे करून बोलला की काकांना बहुतेक सगळं कळे.

टीव्हीतली माणसं मात्र पाठ करून बोलतात, अंधारात बोलतात, मिशांआडून बोलतात. तिथे काकांना आधार चित्राच्या खाली उमटणाऱ्या ओळींचा. शाळा जेमतेम झालेली, त्यामुळे ओळ निम्मी वाचून होते तोच ती जायची. म्हणून मुलीने रेकॉर्डर आणून दिला. काका कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवत आणि सावकाश बघत. ओळ आली की बटण दाबून चित्र थांबवायचं, बोट हवेत फिरवत वाचायचं, मग पुढे जायचं. लहानशा गोष्टीला अख्खी दुपार पुरत नसे. काकू शेजारी भाजी निवडत म्हणत, "अहो, सोडा त्या बिचाऱ्याला. कधीचा तोंड उघडून उभा आहे."

मग जावयाने मोठा, रुंद टीव्ही आणला. जुने कार्यक्रम त्याच्या मधोमध दिसत आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहत. जावयाला त्या खुपल्या. एवढा मोठा टीव्ही घ्यायचा आणि कडेचा भाग काळाच ठेवायचा का, असं म्हणत त्याने रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार बदलला. चित्र फुगून पडदा काठोकाठ भरला. सगळ्यांनी वाहवा केली.

त्या दिवसापासून ओळी गेल्या. काकांनी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, असतील हो, तुम्हालाच दिसत नसतील. ज्यांना ऐकू येतं त्यांनी चित्राच्या खाली कधी बघितलेलंच नसतं, त्यांना काय आठवणार? मुलीने डोळे तपासून आणले. डोळे चांगले निघाले, तेव्हा तिला वेगळीच काळजी लागली. बाबांना भास होतायत, असं ती आईला दार लोटून सांगू लागली. काकांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. त्यावरही घरात कुजबुज झाली, की बघा, आता कशात मन लागत नाही.

एका रविवारी दुपारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जेवणानंतर रेकॉर्ड केलेला एक जुना सिनेमा लावला. काकांनाही आग्रहाने पुढे बसवलं. सिनेमातल्या बापलेकीचं कशावरून तरी जुंपलं होतं. इतक्यात पडद्याच्या अगदी खालच्या कडेला काकांना काहीतरी दिसलं. ते उठले, टीव्हीपाशी वाकले. अक्षरांची डोकी होती. वरची रेघ, तिच्यावर एखादी वेलांटी, एखादी मात्रा. खालची सगळी अक्षरं कडेच्या पलीकडे बुडालेली.

ओळी होत्या. रोज येत होत्या. घरातच कुणीतरी त्या कापल्या होत्या.

"हे बघा," ते कडेवर बोट ठेवून म्हणाले. काकांचा आवाज मागावरचा, शेजारच्या घरापर्यंत जाणारा.

मुलगी वाकून बघू लागली. तिने नवऱ्याला विचारलं, तू आकार बदललास तेव्हाच हे झालं का? जावई सोफ्यावरून हलला नाही. तो बायकोकडे बघून हळूच बोलला. पण काकांनी सगळा जन्म ओठ वाचले होते.

"पट्ट्या फार वाईट दिसतात गं. आणि बाबांना काय फरक पडतो, तसंही ऐकू कुठे येतं?"

काकांच्या कपाळाची शीर तटतटली.

"ऐकू येत नाही म्हणूनच वाचतो, जावईबापू. तुम्ही माझं वाचणंच कापलंत आणि वर मला वेड्यात काढलंत."

काकूंचा पदर तोंडावर गेला. जावयाने घाईघाईने रिमोट घेतला आणि दुसरा पर्याय लावला. ओळी आल्या, पट्ट्याही आल्या नाहीत, पण माणसं आडवी ताणली गेली.

"सगळ्यांना गालगुंड झालंय," काकू पुटपुटल्या.

मुलीला हसू आलं. काकांना नाही आलं. ताणलेल्या तोंडांचे ओठ त्यांना वाचता येईनात. एवढ्यावर भागवा बाबा, पडदाही भरलेला राहतो, असं मुलगी समजावू लागली, तशी काकांची मान ठाम नकारात हलली. तुमच्या पडद्याची शोभा राहावी म्हणून मी किती दिवस आंधळ्यासारखा बसलो, याची कुणाला लाज आहे का, हे त्यांनी काकूंकडे बघूनही विचारलं. काकूंनी मान खाली घातली. देवाला रोज हात जोडताना यांचे डोळे सांभाळ म्हणून मागायचं आणि ते डोळे काय सांगतात ते मात्र ऐकायचं नाही, हे त्यांचं त्यांनाच लागलं.

शेवटी 'मूळ आकार' सापडला. पट्ट्या परत आल्या, ओळी पूर्ण झाल्या. जावयाने रिमोट पुढे केला आणि बायकोला म्हणाला, "त्यांना विचार, आता ठीक आहे का."

काकांनी रिमोटला हात लावला नाही.

"तिला कशाला? मला विचारा. तोंड इकडे करून."

जावई वळला. कान लाल झालेले. "बाबा, ठीक आहे का आता?"

"ठीक आहे," काका म्हणाले. मग रिमोट घेतला, सिनेमा पहिल्यापासून लावला आणि पहिल्याच ओळीवर थांबवला.

जावयाने घड्याळाकडे बघितलं. काकांनी ते बघितलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.