सात गिअरच्या हबवर आठ चक्रं

माझी बायको सायकल शिकली ती बावन्नाव्या वर्षी, आणि त्या काळात मी तिची पोटभर चेष्टा केली हे आधीच कबूल करून टाकतो. पहाटे मैदानावर तिच्या दोन मैत्रिणी मागून सीट धरायच्या आणि ही पुढून "सोडू नका गो, सोडू नका!" म्हणून ओरडायची. मी फाटकाशी उभा राहून हसायचो. पण वर्षभरात चौघी बायका दर रविवारी पूल ओलांडून भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जायला लागल्या. परत आली की ही चपलांतली वाळू दारातच झाडायची, चार-चार घावणे खायची आणि आल्यापासून आंघोळीला जाईपर्यंत एकसारखी बोलायची. तीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडून घरी येताना तिचा घसा बसलेला असायचा. तो आवाज आता मोकळा झाला होता आणि मला तो घरात हवाहवासा वाटू लागला होता.

भाटं सोडलं की पुढे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जाणारी चढण लागते. तिथे मात्र तिचं घोडं अडायचं. अर्ध्यावर एक वळण आहे, त्याच्या अलीकडेच तिला दर वेळी उतरावं लागे. बाकीच्या तिघी वर जाऊन थांबायच्या आणि ही सायकल हातात धरून चालत यायची. गुडघा कुरकुरायचा. "एकदा तरी पाय न टेकता वर जायचंय मला," असं ती बोलायची, तेही भाजी निवडताना, जाता जाता. पण दर सोमवारी बोलायची, म्हणून मी ते मनावर घेतलं.

मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालो आहे. लोखंडाशी माझं बरं जमतं. तिची सायकल एका ओळखीच्या मुलीकडून जुनी घेतलेली, मागे सात गिअरची. मागच्या चाकाच्या मध्यभागी जो तुंबा असतो त्याला हब म्हणतात. त्याच्या एका अंगाला खाचा पाडलेली आखूड नळी असते आणि त्या नळीवर दातेरी चक्रांचा जुडगा सरकवून बसवतात. तो जुडगा म्हणजे कॅसेट. सगळ्यात मोठं चक्र जितक्या जास्त दात्यांचं, तितकी चढण हलकी. तिचं मोठं चक्र अठ्ठावीस दात्यांचं होतं. मी मोबाईलवर शोधून चौतीस दात्यांची कॅसेट तिला न सांगता मागवली आणि आल्यावर खोक्यातून काढून तिच्यासमोर ठेवली. तिने ते चक्र पोळीसारखं दोन्ही हातांत धरून बघितलं आणि म्हणाली, "एवढं मोठं? मग मी उडेनच!"

ती कॅसेट आठ चक्रांची होती. मी दाते मोजले होते, चक्रं मोजली नव्हती. खाचा तंतोतंत जुळल्या, जुडगा सरकन आत गेला, आणि मला वाटलं जिंकलो. मग शेवटची चकती, जी सगळ्यांना आवळून धरते, ती लावायला गेलो तर आटे धरेनात. हबवरची नळी सात चक्रांपुरतीच होती. व्हर्नियर लावून पाहिलं. साडेचार मिलिमीटर कॅसेट बाहेर राहत होती.

इथे शहाण्या माणसाने सायकलच्या दुकानात जाऊन विचारलं असतं. बाजारात गिअरच्या सायकलींचं काम करणारा एकच चांगला कारागीर आहे आणि तो माझाच विद्यार्थी. हीच तर अडचण होती. त्याला मी वर्षभर सुनावलेलं. घाई करून जॉब, म्हणजे घडवायला दिलेला तुकडा, मापापेक्षा जास्त घासायचा, म्हणून मी त्याला सगळ्या वर्गासमोर उभं करून म्हणालो होतो, "घासलेलं लोखंड परत येत नाही." आता चाळिशीच्या त्या माणसासमोर जाऊन "बाबा रे, हे बसत नाही" म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

मग मी फिटर जे करतो तेच केलं. बसत नाही तर घासा. दोन चक्रांच्या मध्ये अंतर राखणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ कड्या असतात, स्पेसर म्हणतात त्यांना. आठ चक्रांत सात स्पेसर. साडेचार मिलिमीटर सातांत वाटून दिले तर प्रत्येकातून पाऊण मिलिमीटरही जात नव्हता. जुडगा जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी कानशीने उडवली, काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवला आणि तीन दुपारी पडवीत बसून एकेक कडी घासली, मोजली, परत घासली. मजा आली, खोटं कशाला बोलू? निवृत्तीनंतर इतकं नेमकं काम हाताला मिळालंच नव्हतं. बायको चहा आणून ठेवायची, थोडा वेळ बघत बसायची आणि कौतुकाने म्हणायची, "अजून हात स्थिर आहे हां तुमचा." तिसऱ्या दिवशी ती चकती करकचून आवळली गेली. चक्रं आता एकमेकांच्या जास्त जवळ आली होती, पण हँडलवरचा गिअरचा खटका अजून जुन्याच अंतराने चेन सरकवणार होता. हे मला कळायला हवं होतं. सपाट रस्त्यावर फिरवून पाहिलं तर थोडी कुरकुर ऐकू आली. नवीन माल आहे, मुरेल, असं मी स्वतःलाच सांगितलं.

त्या रविवारी मी स्कूटर घेऊन तिच्या मागे गेलो. पाण्याची बाटली द्यायचं निमित्त होतं, खरं म्हणजे मला माझं काम बघायचं होतं. थंडीचे दिवस, बागांना मोहर आलेला, रस्ता मोकळा. ती चढणीला लागली आणि मोठ्या चक्रावर चेन घेऊन डुलत डुलत वर निघाली. वळण आलं. ती उतरली नाही. वळण मागे पडलं. तिने मान अर्धी वळवून मला पाहिलं आणि हसली, आणि सगळा भार पायावर दिला. तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला. चेन मोठ्या चक्रावरून निसटून शेजारच्यावर उडाली, तिचा पाय पेडलवरून सुटला आणि ती सायकलीसकट जांभ्याच्या खडीत आडवी झाली.

कोपर सोलवटलं, उजवं मनगट टम्म सुजलं. मी धावत गेलो. तिला उठवताना ती म्हणाली, "चुकीचा गिअर टाकला वाटतं मी." आणि मी, जो तो आवाज ऐकताच काय झालं ते ओळखून चुकला होता, म्हणालो, "असू दे. होतं असं."

एवढंच बोललो. खोटं म्हणावं तर खोटंही नाही, पण त्यापुढचे दिवस मी त्या चार शब्दांच्या आड बसून काढले. मनगट मोडलं नव्हतं, सांधा सरकला होता. डॉक्टरांनी ओढून नीट बसवलं तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. चालवण्याचं मात्र तिने मनातून काढून टाकलं. मैत्रिणी बघायला आल्या तर त्यांना हसत सांगायची, "माझंच चुकलं गो. हात एकीकडे, पाय एकीकडे." एकदा मला म्हणाली, "लहानपणी पूर्णगडला दादाच्या सायकलवर बसले होते, अशीच पडले. आईने सायकल काढून घेतलीन, म्हणाली, तुला नाय जमायचं. मला वाटायचं आई उगाच बोलली." मग शांतपणे म्हणाली, "बरोबर बोलली होती. तुम्ही गिऱ्हाईक बघा सायकलला." मी "बघू" म्हणून पेपर उघडला. त्या पेपरातलं मला एक अक्षर दिसत नव्हतं.

सातव्या दिवशी ती झोपलेली बघून दुपारी मी मागचं चाक काढलं, स्कूटरला बांधलं आणि दुकानात गेलो. माझा विद्यार्थी हात पुसत उठला. "सर! या, बसा ओ." त्याने कॅसेट उतरवली, एक स्पेसर चिमटीत धरून उजेडाकडे केला आणि विचारलं, "हे कुणी घासलन्?"

"मी," मी म्हणालो.

मला वर्गातला तो दिवस आठवत होता, त्यालाही आठवत असणार, पण त्याने माझ्याकडे बघणंसुद्धा टाळलं. म्हणाला, "सर, कडी घासायची गरजच नव्हती ओ. आठातलं एक चक्र काढायचं मधलं. सात उरली की बरोबर बसतात. मोठं चक्र राहतंय ना आपलं! जुन्या कॅसेटच्या कड्या आहेत का?" होत्या, डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्या मी सोबत आणल्या होत्या. त्याने एक चक्र बाजूला काढलं, बाकीची जुन्या कड्या घालून ओवली, चकती आवळली. दहा मिनिटांत काम झालं. चेन दोन दुव्यांनी वाढवायला लागेल, सायकल घेऊन या, म्हणाला.

निघताना दारापर्यंत आला आणि हळू आवाजात बोलला, "बाईंना काय बोलू नका. मीच सांगतो फोन करून, माल खराब आला होता म्हणून. कंपनीवर ढकलू." मला त्याचं इतकं बरं वाटलं की लाज वाटली. इतक्या वर्षांत मी त्याला एकदा तरी असं सांभाळून घेतलं होतं का, ते आठवून पाहिलं. घेतलं नव्हतं. "नको," मी म्हणालो, "मी बोलतो."

बोलायला आणखी एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत वाल सोलत बसलो होतो. तिला डाव्या हाताने जमत नव्हतं म्हणून मी सोलत होतो आणि ती मला चुका दाखवत होती. मी ताट खाली ठेवलं. चेन का उडाली ते सगळं सांगितलं, नळी आखूड असल्याचं, स्पेसर घासल्याचं, तो आवाज मी ओळखल्याचं. दुकानात जाऊन आल्याचंही सांगितलं. ती आता ताट भिरकावणार, अशी माझ्या मनाची तयारी होती.

तिने वालाचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं. मग विचारलंन, "म्हणजे गिअर मी बरोबर टाकला होता?"

"हो."

"आणि पाय?"

"पायही बरोबर होता. तू वळण पार केलं होतंस. मी मागून बघत होतो."

आणि ती रडली. खडीत पडली तेव्हा नाही, मनगट ओढलं तेव्हा नाही, आता रडली, तोंडावर पदर घेऊन, गदागदा. मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर तिने तो झटकला. "आठ दिवस," ती म्हणाली, "आठ दिवस मला वाटत होतं, मला येत नाय. आणि तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात."

मनगट बरं व्हायला महिना लागला. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ती पुन्हा चढणीला गेली. मी मागून यायचं नाही असं तिने बजावलं होतं. मी घरी फोन हातात धरून बसलो. फोन वाजला तेव्हा आधी नुसता सड्यावरचा वारा ऐकू आला, मग धापा, मग तिचा आवाज, "आले! वर आले ओ!" मागे त्या तिघी टाळ्या पिटत होत्या.

मी तिला पाडलं, ते तिने केव्हाच सोडून दिलं. त्यावरून ती आता मैत्रिणींत माझी चेष्टा करते आणि मी ती ऐकून घेतो. त्या आठ दिवसांचं मात्र तिने अजून सोडलेलं नाही, आणि तिने ते सोडू नये, असंच मला वाटतं.