भिंतीला खोळ

तीस वर्षं सोफे शिवणाऱ्या त्या बाईंना सगळा बाजार टाकेमावशी म्हणायचा. लाकडी सांगाड्यावर बोटाने टकटक केली की आत कुठे तडा गेलाय, हे त्या डोळे मिटून सांगत. कान असा तिखट. पण निवांत बसून गाणं ऐकण्याचं सुख पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

ते आलं दातांच्या डॉक्टरांच्या घरी. मावशी त्यांचा सोफा दुरुस्त करत होत्या. डॉक्टरांनी आतल्या खोलीत रेकॉर्ड लावली आणि मावशींची हातोडी हवेतच थांबली. डॉक्टर बाहेर येऊन बघतात तो काय, बाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, ओठांत चार खिळे तसेच, आणि डोळ्यांतून धार लागलेली.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही ऐकायला जमतो," डॉक्टर म्हणाले. "येत जा."

दोन वर्षं मावशी गेल्या, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढणार कसं? डॉक्टर, भूगोलाचे निवृत्त सर आणि नाक्यावरचा वायरमन असे तिघे आवाज सुधारण्याचे नवनवे उपाय आणत आणि त्यावरून हमरीतुमरीवर येत. एकच कडवं उपायाआधी वाजवायचं, मग उपायानंतर, आणि हात वर करून निकाल.

त्या रविवारी सरांनी प्लेअरखाली ठेवायला काळ्या दगडाची लादी आणली होती, डॉक्टरांनी मनगटाएवढी जाड केबल. मावशींनीही भलंमोठं गाठोडं आणलं होतं, पण संकोचाने ते दाराबाहेरच ठेवलं.

"केबल बदलताना तुम्ही बघता, म्हणून तुम्हाला फरक ऐकू येतो," डॉक्टरांच्या बायकोने पैज लावली. "मी पडद्यामागे जाऊन बदलते. ओळखा."

त्या पडद्यामागे गेल्या. कडवं पुन्हा लागलं. सरांनी मांडीवर थाप मारली. "वा! धुकं फिटलं!"

"आणि खालचे सूर बघा, कसे भरून आलेत," वायरमन म्हणाला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "अहो, मी अजून हातही लावला नाही. चष्मा शोधत होते!"

मग सरांनाच आधी हसू फुटलं, आणि सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळली. त्या हशात मावशींना धीर आला.

"डॉक्टर, तुमचं यंत्र गुणी आहे," त्या म्हणाल्या. "ही खोलीच मधे मधे बोलते." त्यांनी उभं राहून टाळी वाजवली. टणक भिंतींवरून टण्णकन आवाज परतला. "ऐकलंत? माझ्या दुकानात टाळी जागच्या जागी विरते. चहूकडे कापूस नि लोकर."

गाठोडं आत आलं. त्यात लोकरीच्या उरलेल्या तुकड्यांनी भरलेल्या, जाड कापडाने मढवलेल्या सहा चौकटी होत्या.

"आता भिंतीलाही खोळ?" डॉक्टरीणबाई हसल्या, पण तसबिरी उतरवायला त्याच पुढे झाल्या. मावशी टाळी वाजवत, चौकट वीतभर सरकवत, पुन्हा टाळी वाजवत. सहावी जागेवर बसली तेव्हा टाळी नुसतीच टाळी राहिली.

गाणं लागलं. गायिका जणू समोर येऊन बसली. कडव्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू आला, आणि पाठोपाठ 'कर्र'.

"खुर्ची कोण हलवतंय?" डॉक्टर खेकसले.

कुणीच हललं नव्हतं. सुई मागे घेतली. त्याच जागी पुन्हा 'कर्र'.

"रेकॉर्डमधली खुर्ची!" डॉक्टर ओरडले. "चाळीस वर्षं ऐकतोय ही, आणि आज ऐकू आली!"

"वेताची आहे," मावशी शांतपणे म्हणाल्या. "मागचा पाय ढिला झालाय. तासाभराचं काम."

पुन्हा हशा उसळला. निकालाला तिघांचेही हात वर गेले, आणि चौथा डॉक्टरीणबाईंचा. आजवर या मंडळींचा कलकलाट नको म्हणून त्या दार लोटून घेत. आज खुर्ची ओढून पुढे बसल्या. "पहिल्यापासून लावा. मला पूर्ण ऐकायचंय."

"मावशी, माझ्याकडे कधी येता?" सरांनी हळूच विचारलं.

"आधी माझ्याकडे," वायरमन म्हणाला. "माझी खोली तर पत्र्याची आहे!"

"येते हो दोघांकडे," मावशी म्हणाल्या. "पण आता गप्प बसा. मला ऐकू द्या."

आणि डॉक्टरांनी सुई अगदी सुरुवातीला ठेवली.