गाडीच्या कर्जासाठी दोन म्हशी

कर्जावर घेतलेली गाडी आता दारात उभी आहे, म्हणून सांगून टाकतो: त्या म्हशी माझ्या नव्हत्या.

गाडीसाठी कर्ज मागणाऱ्यांची घरं पाहून फायनान्स कंपनीला कळवणारा एक माणूस मला पोलादपूरच्या स्टँडवर नेहमी भेटतो. हेल्मेट न काढताच चहा पितो. कर्ज मिळेल का, असं कुणी विचारलं की बशीत फुंकर मारत "बघू, बघू" म्हणतो.

माझी पिठाची गिरण. शिल्लक काही नाही, आणि गिरणीची कमाई कुठल्या कागदावर दिसत नाही. म्हणून तो घर पाहायला येणार त्या सकाळी मी शेजारच्या काकांच्या दोन म्हशी आणून गोठ्यात बांधल्या.

तो हेल्मेटसकट गोठ्यात शिरला. "तुमच्याच ना?"

"घरच्याच आहेत," मी मान खाली घालून म्हणालो. ती लाज अजून गेलेली नाही.

एका म्हशीने त्याचं हेल्मेट चाटलं. त्यानेही जुनी ओळख असल्यासारखं तिचं कपाळ खाजवलं. मग मी फोटोसाठी म्हशींपुढे उभा राहिलो, तर त्याने मोबाइल खाली केला.

"गिरणीपुढं चला, दादा. दळणाच्या डब्यांची रांग लागलीय, तीच लिहितो. ही म्हैस फोटोत नको. ही तीन जणांच्या अर्जात हाय. साहेब आता हिला ओळखतात."