मडकं ऐकणारी

तोंड मिटता येईना म्हणून मी एकदा सासऱ्यांच्या नावचं पाणी ओसरीवर सांडलं. ते गेल्यावरची पहिली अक्षय्य तृतीया. भटजींना भरलं मडकं दान द्यायचं होतं. दारावर म्हातारी कुंभारीण आली. एकेक मडकं कानाशी धरायची, टिचकी मारून डोळे मिटून ऐकायची. मी नवी सून, कल्याणात बोलायला कुणी नाही. माहेरचं सगळं तिला सांगितलं, तिचं नाव तेवढं विचारलं नाही. तिचं ऐकून व्हायच्या आतच मडकं ओढून घेतलं. ते भटजींच्या हातात गळलं. सासूबाई रडल्या. पुढल्या खेपेला मी तिच्यावरच तणतणले. तिने हसून दुसरं मडकं माझ्या कानाशी धरलं, टिचकी मारली आणि म्हणाली, “बाय, त्या दिशी तुमचं समदं आयकलं मी. मडक्याला बी सांगायचं व्हतं, तुमी बोलूच दिलं नाय.”