एतेल्काची कलेजी

डॉक्टरीणबाईंनी उजव्या बरगडीखाली दोन बोटं दाबली आणि पलंगावर आडव्या पडलेल्या एतेल्काला हसू फुटलं.

"गुदगुल्या होतात का, मावशी?"

"नाही गं पोरी. मीसुद्धा अशीच हंसिणी चाचपत आले जन्मभर."

खरंच होतं ते. सेन्तेश गावाजवळच्या मळ्यावर चाळीस वर्षं तिनं कलेजीसाठी हंसिणी पोसल्या. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, हंसीण गुडघ्यांत धरायची, भिजवलेला मका नरसाळ्यानं घशात सोडायचा आणि मानेवरून हात फिरवत हलकेच खाली उतरवायचा. नवरा व्हिन्त्से मक्याची पोती वाहायचा आणि म्हणायचा, "माझ्या मानेवरून कधी असा हात फिरवलास का गं?" तीन आठवड्यांत कलेजी फुगून तयार व्हायची, लोण्यासारखी पिवळट, ओंजळभर. वरून बोट लावलं की एतेल्काला कळायचं. त्या अंगणातला गलका, ओल्या मक्याचा वास, व्हिन्त्सेची ती कुरकुर, सगळं गेलं. आता मळ्यावर ती एकटी आणि तीन हंसिणी, त्याही नुसत्या सोबतीला.

"तुमच्या लिव्हरवर चरबी चढलीय," डॉ. बोग्लार्का म्हणाल्या. "साखर आहे, वजन आहे, वर पावाला लावून हंसाची चरबी खाता."

"म्हणजे हंसिणींनी सूड उगवला म्हणायचा."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण रक्ततपासणीचा कागद पुढे ओढून गंभीर झाल्या. "नुसत्या चरबीनं हे आकडे सहसा एवढे चढत नाहीत. मी लिहून दिल्यात त्याशिवाय आणखी काही गोळ्या घेता का? दुखण्याच्या, सर्दीच्या?"

"छे," एतेल्का म्हणाली.

धडधडीत खोटं. तिच्या पिशवीत तीन खोकी होती. एक बोटांच्या सांध्यांसाठी, एक शेजारणीनं दिलेलं झोपेसाठी, आणि एक लिंबाच्या चवीची सर्दीची पूड, जी ती सरबतासारखी प्यायची. पण गोळ्या बंद झाल्या तर बोटं मिटायची नाहीत. बोटं मिटली नाहीत तर चूल नाही, विहीर नाही, आणि सेगेद शहरात राहणारी लेक येऊन तिला उचलून आपल्या चौथ्या मजल्यावरच्या घरी नेणार. मळा सोडून एतेल्काला एक दिवससुद्धा जगायचं नव्हतं.

ती उठली, कोट चढवला, दारापर्यंत गेली. आणि तिला बोदोर आठवला.

बोदोर म्हणजे हंसिणी न्यायला येणारा व्यापारी. दर खेपेला त्याचा एकच प्रश्न, "औषध दिलंय का कुणाला?" औषध दिलेली हंसीण तो नेत नसे, औषध कलेजीत उतरतं म्हणून. एका वर्षी सगळ्यात भारी करडी हंसीण लंगडायला लागली, म्हणून एतेल्कानं तिला औषधाची पूड चारली. व्हिन्त्सेनं कोपरानं ढोसलं. गप्प बस, वरून काय कळतंय त्याला! तरी एतेल्का म्हणाली, "करडीला दिलंय." बोदोर करडीला सोडून गेला. व्हिन्त्से दोन दिवस बोलला नाही. पण त्यानंतर बोदोरनं तिच्या अंगणात तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही. नुसता तिच्या तोंडाकडे बघायचा आणि पिंजरे भरायचा.

एतेल्का मागे वळली. तिन्ही खोकी तिनं टेबलावर ठेवली.

"हिला औषध दिलंय," ती म्हणाली. "रोज. दोन वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी एकेक खोकं उलटून बारीक अक्षरं वाचली. "मावशी, या तिन्हींत पॅरासिटामॉलच आहे. तुम्ही एकच औषध तीनदा घेताय. लिव्हरला हे झेपत नाही. आजपासून तिन्ही बंद."

"मग माझे हात?"

चाळीस वर्षं मका भरवलेली वाकडी बोटं तिनं पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती हातात घेतली आणि एकेक सांधा हळूच दाबून बघायला लागल्या.

"हातांचं दुसरं काहीतरी बघू. पण पुढच्या सोमवारी रक्त द्यायला यायचं, आणि गोळ्यांचं मी पुन्हा विचारीन."

"विचारायची गरज नाही," एतेल्का म्हणाली. "नुसतं तोंडाकडे बघ."