दुकानातल्या कॉम्प्युटरवर अप्पांचा आवाज

अमावस्येचं भय मला कधीच नव्हतं. उदगीरच्या मोंढ्यात आमचं धान्याचं आडत दुकान आहे, आणि दुकानदाराच्या घरी अमावस्या म्हणजे सणच. फरशी धुवायची, काटा पुसून त्याला हळदकुंकू लावायचं, उंबऱ्यावर नारळ फोडायचा, दारावरची लिंबू-मिरची बदलायची. भुतंखेतं असलीच तर या धुण्यापुसण्याला कंटाळून कर्नाटकात पळून जात असतील, असं मी नवऱ्याला चिडवायची. आता मात्र मला अमावस्येचं भय वाटतं.

माझे वडील, अप्पा, अर्धापूरला असतात. केळीची बाग आहे. गडी पार लांब ट्रकपाशी घड भरत असायचे आणि अप्पा ओसरीवरून ओरडायचे, तरी एकेक शब्द तिथं पोचायचा. त्याच गळ्यात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. अप्पांनी नुसती मान हलवली. माझी लेक तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागली होती. आपला आजोबा कसा बोलायचा, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

म्हणून ऑपरेशनच्या आधी मी माहेरी जाऊन बसले आणि फोनवर अप्पांच्या बोलण्याचे व्हिडिओ टिपत सुटले. व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून हुज्जत, चहा फिका झाला म्हणून आईवर खेकसणं, लेकीला सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट. अप्पा वैतागायचे, पण बोलायचे.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात भाऊ थांबला, आणि लेक लहान म्हणून मी उदगीरला परतले. अप्पा घरी येईपर्यंत सगळ्या तुकड्यांचा एक सलग व्हिडिओ करायचा, असं मी मनाशी पक्कं केलं.

इंटरनेटवर व्हिडिओ जोडून देणारी एक फुकटची साइट सापडली. ती माझ्या जुन्या फोनवर उघडेना. म्हणाली, कॉम्प्युटर वापरा. दुपारी सौदे आटोपले की दुकानातला कॉम्प्युटर रिकामा असतो, तिथं बसले. तर ब्राउझर जुना निघाला. तो नवा केला तर मेमरी कमी पडली, मग बाकीच्या खिडक्या बंद केल्या. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्यासुद्धा एवढ्या अटी नसतात. शेवटी एकदाची ती राजी झाली. तिनं ना नाव विचारलं ना पासवर्ड, मला तेही बरंच वाटलं.

फोन वायरनं कॉम्प्युटरला जोडून सगळे तुकडे साइटवर चढवले, ते तिथं ओळीनं दिसायला लागले. खाली लिहून आलं, ‘जतन झाले’. आवाज नीट येतो का बघावं म्हणून त्यातलाच एक छोटा तुकडा तयार करून भावाला पाठवला. ‘उघडला,’ एवढंच त्याचं उत्तर आलं. माझा फोन इतका भरला होता की दवाखान्यातून भाऊ पाठवत होता ते फोटोही उतरेनात. मग मी फोनमधले सगळे व्हिडिओ काढून टाकले, त्याची कचरापेटीही रिकामी केली. इंटरनेटवर सगळं आहेच, असं मी धरून चालले होते.

मधे अमावस्या झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी साइट उघडली तर पान कोरं. ‘नवीन काम सुरू करा,’ एवढंच. मी बंद केलं, पुन्हा उघडलं. तेच कोरं पान.

“अहो, या कॉम्प्युटरला कुणी हात लावला का?”

“म्याच की,” नवरा काट्याजवळून म्हणाला. “काल आमोशा न्हवती का? पुसत व्हतो, मंग आतलं बी साफ केलं. ब्राउझरमधी लई कचरा साठला व्हता. बघ कसा हलका झालाय.”

खोटं कशाला बोलू, तो दर अमावस्येला हेच करतो. पडद्याला झेंडूचं फूल, उदबत्ती, आणि मग आतलं जुनं सगळं पुसून टाकणं. लक्ष्मीला अडगळ चालत नाही, असं त्याचं म्हणणं. साइटच्या अटींचं पान मी आता पहिल्यांदा उघडलं. अगदी तळाला ओळ होती: तुमचं काम याच ब्राउझरमध्ये साठवलं जातं, ब्राउझरचा डेटा पुसू नये. मी त्याला नाही नाही ते बोलले. हमालांसमोर बोलले.

“त्यात अप्पा व्हते?” त्यानं विचारलं. मग त्यानं पडद्यावरचं फूल काढून खिशात ठेवलं.

कॉम्प्युटर घेऊन आम्ही लातूर गाठलं. गाडीत तो डबा मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. खड्डा आला की त्याला छातीशी ओढायची. दुरुस्तीवाल्यानं बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. पुसलेल्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं होतं, आता जुनं परत येणार नव्हतं. परतीच्या वाटेवर अप्पांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. त्यांचा आवाज एकदा काढून घेतला डॉक्टरांनी, आणि दुसऱ्यांदा आम्ही.

अप्पा घरी आल्यावर आम्ही अर्धापूरला गेलो. ते ओसरीवरच बसले होते, गळ्याला पट्टी. मला बघून त्यांनी टाळी वाजवली. आता ते अशीच हाक मारतात, हे मला माहीत नव्हतं. त्या टाळीनंच मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगून टाकलं. नवरा खाली मान घालून उभा होता.

अप्पांनी ऐकून घेतलं. भाऊ म्हणाला, “आगं, त्यो बारका व्हिडिओ मला धाडला व्हतास की.” त्यानं फोन काढला. मी तर तो तुकडा पार विसरले होते. अप्पांच्या चेहऱ्यावरून त्या फुकट्या साइटचा शिक्का आडवा गेलेला, मागं केळीच्या पानांची सळसळ, आणि तोच खणखणीत आवाज:

“बास की आता. ठिव त्यो फोन. मी कुठं चाललोय?”

तेवढंच. लेकीनं फोनकडं बघितलं, फोन उलटा करून मागून बघितला. तो आवाज कुणाचा, हे तिला कळलं नव्हतं. ज्याची भीती होती तेच समोर घडत होतं.

अप्पांनी बोटानं खूण केली, परत लाव. त्यांनी माझ्या लेकीला जवळ ओढलं, तिचं तोंड आपल्या तोंडासमोर धरलं. भावानं पुन्हा लावलं, आणि या वेळी अप्पांचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

“आज्जा बोल्ला,” लेक म्हणाली.